सुई न लावायचं कापड

"भाभी, इसको सुई नहीं लगाना. बस, कैंची."

याकूबभाईंनी बगलेतलं पुडकं मशीनच्या फळीवर ठेवलं आणि दाराशी जाऊन उभे राहिले. भानुमतीने कागद सोडला. आत पांढरा लठ्ठा होता. बाजारात मिळतो तसला पातळ, खळ लावून ताठ केलेला नव्हे. बोटांत धरला की भरीव लागणारा, ओळखीचा.

"हे तर आपल्या मिलचं," ती म्हणाली.

"मिलचं काय म्हणता! माझ्या आणि लछमनच्या मागावरचं. मागावर चढलेला शेवटचा ताना होता तो. पुढचा चढायच्या आत गेटला ताला." याकूबभाईंना मराठी चांगलं येत असे, फक्त मन भरून आलं की ते अर्ध्या वाटेत हिंदीचा रस्ता धरायचे. "मी कामगारांच्या दुकानातून घेऊन ठेवला होता. तब मालूम नहीं था किसलिए. अब मालूम है. पोरगा जेद्दाहला नोकरीला लागलाय ना, त्याने बोलावलंय. हज को जा रहा हूँ, भाभी."

"अगंबाई!" भानुमती उठूनच उभी राहिली. "केवढी गोड बातमी सांगताय, आणि ती दारात उभं राहून? आत या, बसा."

मग याकूबभाई बसले आणि त्यांनी समजावून सांगितलं. याला एहराम म्हणायचं. दोन तुकडे: एक कमरेला, एक खांद्यावरून. त्याला शिलाई नाही, गुंडी नाही, खिसा नाही. तिथे लाखो माणसं जमतात आणि सगळे पुरुष याच दोन कापडांत. मालक कोण, मजूर कोण, कळायची सोय नाही. अल्लासमोर माणूस जसा आहे तसा उभा राहतो. आणि हज करून आल्यावर हेच कापड धुऊन जपून ठेवायचं. शेवटी कफन म्हणून तेच अंगावर घालून न्यायचं असतं.

"आमचं सोवळंही बिनशिवलेलंच की हो," भानुमती म्हणाली. "सासूबाई शिवलेल्या कपड्यात देवाला शिवत नसत."

"देखा!" याकूबभाईंना फार आनंद झाला. मग आवाज उतरवून त्यांनी विचारलं, "लछमन?"

"गेटवर गेलेत."

याकूबभाईंनी मान हलवली. यापुढे विचारण्यासारखं काही नव्हतं.

लक्ष्मण, तिचा नवरा, रोज सकाळी मिलच्या गेटवर जात असे. मिल बंद होऊन दोन वर्षं झाली होती. पहिले काही महिने गेटवर घोषणा होत्या, मंडप होता, युनियनचे लोक होते. मग मंडप गेला, मग लोक गेले. कुणी अंड्यांची गाडी लावली, कुणी टेम्पो धरला. याकूबभाई सायकलींचे पंक्चर काढू लागले. लक्ष्मण मात्र पहिल्या पाळीच्या वेळेला डबा न घेता जाई, कुलपाकडे बघत बसे आणि परत येई. एकदा सांवेर रोडवरच्या एका कारखान्यात गेला होता. तिथल्या पोरसवदा सुपरवायझरने त्याच्याकडे वर बघितलंसुद्धा नाही. "चचा, उमर ज्यादा है," म्हणाला. त्या दिवसापासून लक्ष्मणने काम हा शब्द घरात काढला नाही, आणि कुणी काढलेला त्याला खपत नसे. मशीनवर बस म्हटलं तर म्हणे, "मी मागावरचा माणूस. बायकांचे ब्लाउज शिवू?"

भानुमतीला वाद घालायला वेळ नव्हता. बाई मोठी जिद्दीची. इंदूरच्या मल्हारगंजातल्या एका बोळात आधी ब्लाउज-परकर शिवायची. मग बाजार खुला झाला म्हणे, आणि खुल्या बाजारातून पहिलं काय आलं तर रेडीमेड. ब्लाउज आटले. पण देव काही रेडीमेड घालत नाही, हे तिच्या आपोआप ध्यानात आलं. झालं असं, की बोळापलीकडे राहणाऱ्या सतवंतजी एकदा गुरुद्वाऱ्यासाठी रुमाला शिवून घ्यायला आल्या. जरीकाठाचं सुंदर कापड. भानुमतीने ते शिवता शिवता जमिनीवर सोडलं. सतवंतजींनी पटकन उचललं, डोक्याला लावलं. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "बहनजी, यह ग्रंथसाहेब की पोशाक है. ते आमचे गुरू. पोथी नाही मानत आम्ही, जिवंत गुरू मानतो. सकाळी उठवतो, रात्री निजवतो." भानुमतीने कानाला हात लावला. दुसऱ्या दिवशी खाली स्वच्छ चादर अंथरली आणि मगच मशीनला पाय लावला.

तेव्हापासून तिने एक नियम केला. आधी विचारायचं, मग कात्री लावायची.

आणि विचारायला लागल्यावर काय काय निघालं! चर्चच्या सिस्टर वेदीवरची कापडं घेऊन आल्या. एक पांढरं, एक जांभळं. जांभळं कशाला, तर ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस उपासाचे, पश्चात्तापाचे, येशूचं दुःख आठवायचे. मग तो पुन्हा उठला त्या दिवशी पांढरं. उपास म्हटल्यावर भानुमतीला वेगळं समजवावं लागलं नाही, तिच्या चतुर्थ्या चालूच होत्या. शेजारच्या जैन शेठाणीने साध्वीजींसाठी पांढरं कापड आणलं आणि वर बजावलं, "साध्वीजींसाठी म्हणून काही करायचं नाही हं. त्यांच्यासाठी केलेलं त्या घेतच नाहीत, पाप लागतं. तू माझ्या घरासाठी किनार कर. त्या दारी आल्या की घरातलं म्हणून देईन." भानुमती दिवसभर चक्रावली होती. ज्याच्यासाठी करायचं त्याच्यासाठी करायचं नाही! पण मग तिला ते पटलं. आपल्यामुळे कुणाला कष्ट नकोत म्हणणारी माणसं जगात किती सापडतात?

सगळ्यात मोठी फजिती झाली ती विहारातल्या भन्तेजींच्या अंगावरच्या चीवराची. तिने अखंड कापड किती छान पडतंय म्हणून हौसेने तसंच ठेवलं. भन्तेजी हसले. म्हणाले, "ताई, हे आधी कापा. तुकडे करा, मग जोडा. शेतात बांध घालतात ना, तशा शिवणी दिसल्या पाहिजेत. चांगलं अखंड वस्त्र असलं की त्याचा मोह पडतो. तुकड्यांचं कोण चोरणार?" चांगलं कापड हाताने फाडताना तिच्या जिवावर आलं होतं.

कुणाचं तुकडे केल्याशिवाय चालत नाही, कुणाला सुईचं टोक चालत नाही. भानुमती कुणालाच हसली नाही, कुणाशी वाद घातला नाही. सगळ्या धर्मांची माणसं तिच्या मशीनपाशी कापड ठेवून निर्धास्त जायची, ती एवढ्याच भरवशावर.

तर याकूबभाईंच्या लठ्ठ्याचे तिने मोजून दोन तुकडे कापले, घडी घातली, कपाटावर ठेवले. संध्याकाळी लक्ष्मणला सांगितलं, "याकूबभाई हजला जाताहेत. तुम्हा दोघांच्या मागावरचं कापड नेताहेत सोबत."

लक्ष्मणने घडी उतरवली. बराच वेळ काठावरून अंगठा फिरवत राहिला.  भानुमती पुढे बोलली नाही. आणि इथेच तिचं चुकलं. सगळ्या जगाला विचारणारी बाई घरच्या माणसाला सांगायचं विसरली, की याला सुई नाही लावायची.

दुसऱ्या दिवशी हातोदहून, लेकीच्या सासरहून निरोप आला. रुचीला ताप भरला होता. रुचीचं मूल अंगावरचं. भानुमती मिळाली त्या बसने गेली, रात्र तिथे काढली, ताप उतरला तशी दुसऱ्या दिवशी दुपारी परतली.

बोळात शिरली आणि थबकली. तिचं मशीन चालू होतं. स्वतःच्या मशीनचा आवाज ती शंभरात ओळखेल. मधूनच एक चाक कुरकुरायचं. पण हा चालवणारा हात तिचा नव्हता. ती थांबत थांबत शिवायची. हे संथ आणि सलग चाललं होतं, मध्ये खंड नाही.

दारातून बघितलं तर लक्ष्मण. चष्मा नाकावर, पाय पायडलवर, अंगात धुतलेला सदरा. दोन वर्षांत प्रथमच त्याची पाठ ताठ दिसत होती.

"ये, ये," तो मान वर न करता म्हणाला. "झालंच. शेवटची बाजू राहिली."

तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. देवा, तुझे उपकार, असं मनात म्हणतच ती पुढे झाली, आणि त्याच्या हाताखालचं कापड दिसलं.

"बघ ना," लक्ष्मणने टीप संपवली, दोरा तोडला आणि कापड तिच्यापुढे धरलं. दोन वर्षांत तिने त्याचा असा चेहरा पाहिला नव्हता. "तू कापून ठेवलंस, पण कापलेल्या बाजूचे धागे सुटायला लागले होते. याकूब एवढ्या लांब जाणार, तिथं लोकांत झालर लोंबत जाईल? म्हटलं, दुमडून टीप मारून टाकू. शिवून उसवून, शिवून उसवून काल दिवसभर जुन्या चादरीवर हात बसवला. मग याला हात घातला. चारी बाजू केल्या. सरळ आहे की नाही सांग!"

टीप सरळ होती. पट्टीने आखावी तशी सरळ होती. हीच तर पंचाईत.

"छान आहे," भानुमती म्हणाली आणि चहा टाकायला आत गेली.

स्टोव्हपुढे बसून तिने हिशेब मांडला. हे असंच दिलं तर? याकूबभाई भिडस्त माणूस. घेतील, दोस्ताचं मन मोडणार नाहीत, आणि जाऊन तिथे कुठलं तरी दुसरं कापड नेसतील. नाहीतर बाजारातून नवा लठ्ठा आणून कापून द्यावा, लक्ष्मणला कळूच द्यायचं नाही. पण याकूबभाईंनी विणलेलं कापड, ते बोटाने ओळखतील. आणि खरं सांगावं तर? दोन वर्षांनी हा माणूस उठून बसलाय. त्याचं पहिलंच काम चुकलं म्हणून सांगायचं? पुन्हा जो गेटवर जाऊन बसेल तो उठायचा नाही. तिला रडू फुटलं. चहा उतू गेला.

मग तिने डोळे पुसले. सतवंतजी, सिस्टर, शेठाणी, भन्तेजी, सगळे आपल्यापाशी आपलं पवित्र ते ठेवून जातात. आज घरच्या माणसासाठी याकूबभाईंना फसवलं, तर उद्या कुणाला तोंड दाखवणार? आणि खोट्यावर उभा राहिलेला नवरा किती दिवस उभा राहील?

कपबशी त्याच्या हातात देऊन ती समोर बसली.

"अहो, ऐका. याला शिलाई चालत नाही."

"म्हणजे?"

तिने सगळं सांगितलं. लक्ष्मणचा चेहरा एकेका वाक्यासरशी विझत गेला. चहा तसाच खाली ठेवून तो उठला आणि खुंटीवरची टोपी काढली.

"कुठं निघालात?"

"गेटवर."

"आत्ता? या वेळेला?"

"मग काय करू?" तो ओरडलाच. "दोन वर्षांनी एक काम केलं, तेही दोस्ताच्या धर्मात पाय घालून बसलो! तो कारखान्यातला पोरगा बरोबर बोलून राहिला होता. माझ्या हाताला यशच नाही. मिल गेली तेव्हाच गेलं ते."

भानुमती दारात जाऊन उभी राहिली. दार तेवढंच, बाई तेवढीच; वाट उरली नाही.

"जायचं नाही."

"भानू, हट."

"नाही हटत. जे केलंत ते उसवायचं, मग कुठं जायचं तिथं जा. हे घ्या ब्लेड."

"तूच उसव. तुझं दुकान आहे."

"मी नाही उसवणार. ज्याची टीप त्याने काढायची." ब्लेड तिने तसंच पुढे धरून ठेवलं. "आणि यशाचं म्हणाल तर एक टाका काढून बघा आधी. मग सांगा मला."

 बोळातून एक भंगारवाला ओरडत गेला. शेवटी लक्ष्मणने टोपी खुंटीला लावली, खाली बसला आणि कापड मांडीवर ओढलं. ब्लेडच्या कोपऱ्याने एक टाका उचलला. तुटेना. पुन्हा उचलला. शेवटी तुटला, पण पुढचा तितकाच घट्ट.

"निघत नाहीये लवकर," तो म्हणाला.

"कशी निघेल?" भानुमती म्हणाली. "कच्ची टीप असती तर एका ओढीत सरसर निघून आली असती. इतकी वर्षं शिवतेय मी, माझी टीप असती तर घटकेत उसवली असती. तुमची निघत नाही, कारण तुम्ही ती पक्की मारलीय. आता बोला, कुणाच्या हाताला यश नाही?"

 लक्ष्मणने पुढचा टाका जपून उचलला. मग भानुमतीनेही दुसरा तुकडा ओढून घेतला, आपला शब्द मोडून, आणि सुईचं टोक घेऊन समोर बसली. उन्हं कलेपर्यंत दोघं उसवत होते. काढलेले दोरे तिने कागदावर गोळा केले. दोरा निघाल्यावर कापडाला भोकांची ओळ उरली, तेव्हा ती हळहळली. पण लक्ष्मण हसला, तिच्याकडे बघून हसला, आणि वाटीत पाणी घेऊन आला. एका बोटाने पाणी शिंपडायचं आणि नखाने घासायचं, आडवं मग उभं. धागे आपापल्या जागी सरकून भोक बुजत होतं.

"हे आमच्या मागावरचं," तो म्हणाला. "हे तुला नाही यायचं."

"नाही येत, बाबा," ती म्हणाली.

घडी घालून तो स्वतः निघाला याकूबभाईंकडे. तीही मागोमाग गेली. नाही म्हटलं तरी धाकधूक होतीच. याकूबभाई रस्त्याकडेला सायकलीची ट्यूब पाण्यात बुडवून बसले होते. लक्ष्मणला बघून उठले, हात पुसायचे विसरून गेले. दोन वर्षांत हा माणूस त्यांच्याकडे आला नव्हता.

"याकूब, सच बताता हूँ," लक्ष्मण उभ्या उभ्या म्हणाला. "मी याला टीप मारली होती. चारी बाजूंनी. माहीत नव्हतं मला. आता सगळी उसवलीय, एक टाका ठेवला नाही. पण सुई लागली ती लागली. चालत नसेल तर तसं सांग, राग नाही."

याकूबभाईंनी कापड घेतलं. काठ उन्हाकडे धरून पाहिला, लक्ष्मणकडे पाहिलं.

"तूने सिया था? मशीन पे?"

"हो."

"तू?" याकूबभाई मोठ्याने हसले. मग हसता हसता थांबले, कापड छातीशी धरलं. "अरे यार, नीयत देखता है वो, सुई नहीं. मी हेच नेसणार." आणि लगेच व्यवहाराला आले. "पण एक बात है. एहराम तर मुंबईला गेल्यावर. इंदौर से क्या पहन के जाऊँगा? लोक हार घालायला येणार. कुर्ता पाहिजे. नवीन. ते शिवायला चालतं. सी देगा?"

लक्ष्मण भानुमतीकडे बघू लागला.

"तिच्याकडे काय बघून राहिलास? मी तुला विचारतोय."

"देईन," लक्ष्मण म्हणाला.

पुढचे आठ-दहा दिवस भानुमतीच्या मशीनला भानुमतीचा हात लागला नाही. रुमाले, वेदीची कापडं, सगळं तिने हाताने शिवलं आणि तोंडाने काही म्हटलं नाही. कुर्ता कापायला मात्र तिने मदत केली. बाह्या तो लावू देईना. "याकूबचा हात मला माहीत नाही? जन्मभर शेजारी उभा राहिलोय." शेवटची गुंडी याकूबभाई निघायच्या सकाळी लागली आणि तसाच कुर्ता धावत पोचवला.

स्टेशनवर ही गर्दी! मोहल्लाच लोटला होता. कुणी हार घालतंय, कुणी मिठी मारतंय, कुणी कानात सांगतंय, माझ्यासाठी दुआ माग. सतवंतजींनीही वाटेत खायला पराठे पाठवले होते. याकूबभाई डब्याच्या दारात उभे होते, गळाभर फुलं, अंगात पांढराशुभ्र कुर्ता. हात वर करून त्यांनी सगळ्यांना सलाम केला, आणि तेव्हा भानुमतीला दिसलं. उजवी बाही मनगटाला बरोबर बसली होती, डावी पंजा गिळून बोटांवर आली होती.

लक्ष्मणलाही दिसलं. गर्दीतून वाट काढत तो दाराशी गेला. तोंड पार उतरलेलं.

"याकूब, बाही चुकली रे. लांब झाली."

याकूबभाईंनी डावा हात पुढे धरला, बाहीकडे पाहिलं, बाहीतून निघालेल्या बोटांकडे पाहिलं.

"बाही बराबर है, लछमन," ते म्हणाले. "मेरा ये हाथ ही छोटा है."

गाडी सुटली. लोक धावले, ओरडले, मग हळूहळू पांगले. भानुमती थांबून राहिली, कारण लक्ष्मण हलला नव्हता. रिकाम्या फलाटाच्या कडेला उभा राहून तो आपल्याच सदऱ्याची डावी बाही चिमटीत धरून वर-खाली करत होता, दोन बोटं दुमडून बघत होता, आणि मान हलवत होता.

"काय करून राहिलात?" तिने विचारलं.

"थांब जरा," तो म्हणाला. "खांद्यातच जास्त सुटलं माझ्याकडून. घरी गेल्यावर पुन्हा कापून बघतो."